पट्टा जाड करून वाकडा चालायचा थांबत नाही

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे चालले आहे ते इतर वाचकांनाही कळेल. सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात आपला ताशी १० टनांचा खाद्य कारखाना आहे आणि तेथे कोंबडीखाद्य व दुभत्या जनावरांचे खाद्य अशी दोन्ही कामे चालतात. मका, सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयापेंड), सरकी पेंड आणि राईस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) ट्रकमधून ज्या हॉपरमध्ये ओतले जाते, तेथून प्री-क्लीनरपर्यंत, म्हणजे माल चाळून साफ करणाऱ्या यंत्रापर्यंत, ३० मीटर लांबीचा व ५०० मिलिमीटर रुंदीचा पट्टा माल नेतो आणि त्या अंतरात तो सुमारे ५ मीटर वर चढवतो. दीड वर्षात दोन पट्टे बाद झाले, तिसऱ्याच्याही कडा उसवून धागे बाहेर आले आहेत आणि वरचे रबर जागोजागी फुगून मऊ पडले आहे. विक्रेता म्हणतो, तीन थरांचा पट्टा या कामाला पुरत नाही, पाच थरांचा जाड पट्टा घ्या. तो घ्यावा का?

घेऊ नये. पंचवीसएक वर्षे पुणे आणि आसपासच्या तालुक्यांतील खाद्य कारखान्यांत यंत्रे उभी करण्याचे व दुरुस्तीचे काम करताना भार न पेलल्यामुळे तुटलेला पट्टा मी क्वचितच पाहिला आहे. आपल्या धंद्यात पट्टा मरतो तो कडेने, सांध्यापाशी किंवा तेलाने, आणि या तिन्हींचा थरांच्या संख्येशी संबंध नाही. उलट जाड पट्ट्याने आपली अडचण वाढेल. का, ते आकड्यांनीच पाहू.

आपल्या पट्ट्यावर ताशी ४५ टन मका जात असेल आणि पट्ट्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर असेल, तर कोणत्याही क्षणी एका मीटर लांबीवर सुमारे साडेदहा किलो माल असतो. तो ५ मीटर चढवायला लागणारी ओढ, रोलरचे घर्षण, स्कर्ट रबर (माल कडेला सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लावलेली रबराची पट्टी) आणि स्क्रेपरचा (चिकटलेला माल खरवडणाऱ्या पात्याचा) अडसर हे सगळे हात सैल सोडून धरले तरी एकूण ओढ १,२०० न्यूटनच्या आसपास येते, म्हणजे साधारण सव्वाशे किलोची. हेड पुलीवर, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या वरच्या टोकाच्या चाकावर, पट्टा घसरू नये म्हणून परतीच्या बाजूला ठेवावा लागणारा ताण मिळवला तर ती २,२०० न्यूटनपर्यंत जाते. ५०० मिलिमीटर रुंदीवर वाटल्यास दर मिलिमीटरला साडेचार न्यूटनही होत नाही. आपल्याकडचा पट्टा ईपी ३१५, तीन थरी असल्याचे आपण कळवले आहे. ईपी म्हणजे लांबीच्या दिशेला पॉलिएस्टरचे आणि रुंदीच्या दिशेला नायलॉनचे धागे. ३१५ ही दर मिलिमीटरला न्यूटनमधली तुटण्याची मर्यादा. दहापट सुरक्षितता धरून वापरायचे म्हटले तरी दर मिलिमीटरला ३१ न्यूटन चालतात, आणि आपण त्याचा सातवा हिस्सा वापरत आहात. अशा पट्ट्याला आणखी दोन थर देणे म्हणजे हातगाडीला ट्रकचे पाटे बसवणे.

जाड पट्ट्याचा तोटा दोन ठिकाणी दिसतो. पहिला म्हणजे रोलरवर. आपले रोलर तीन तुकड्यांचे, बाजूचे दोन २० अंशांत उचललेले आहेत. रिकामा पट्टा स्वतःच्या वजनाने मधल्या रोलरवर टेकला पाहिजे, कारण त्याला सरळ धरून ठेवण्याचे बरेचसे काम तोच रोलर करतो. अरुंद आणि ताठ पट्टा या खळग्यात बसत नाही. तो बाजूच्या दोन रोलरांवर खाटेच्या फळीसारखा अधांतरी राहतो आणि वारा येईल तिकडे जातो. दुसरा तोटा पुलीवर होतो. पाच थरी पट्ट्याला मोठ्या व्यासाची पुली लागते. आपली टेल पुली, म्हणजे खालच्या टोकाचे चाक, २५० मिलिमीटरची असेल, तर जाड पट्टा तिच्यावरून दर फेरीला इतका तीव्र वाकतो की काही महिन्यांत थर एकमेकांपासून सुटू लागतात. त्यात वरचे रबर आत्ताप्रमाणेच फुगणार असेल, तर खर्च वाढून आजार तोच राहील.

आता कडांकडे येतो, कारण खरे दुखणे तेथे आहे.

पट्टा का सरकतो याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: रोलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी टेकतो, त्या टोकाकडे तो जातो. म्हणजे एखादा रोलर काटकोनात न बसता एका बाजूने जरा मागे राहिला असेल, तर पट्टा त्या मागे राहिलेल्या टोकाला आधी भेटतो आणि तिकडेच कलतो. तरी बहुतेक कारखान्यांत काय होते? पट्टा साइडला गेला की माणूस पाना घेऊन थेट टेल पुलीच्या टेक-अपच्या, म्हणजे पट्टा ताणण्याच्या, बोल्टकडे जातो. शिरूरच्या बाजूच्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीतला फिटर डावा बोल्ट एक आटा फिरवी आणि दुपारच्या पाळीतला उजवा फिरवी. दोघेही आपापल्या परीने पट्टा सरळ करत होते, आणि दोन्ही बोल्ट संपत आले तेव्हा मला बोलावणे आले. टेल पुलीभोवतीची जाळी काढायला लावली. पावसाळ्याचे दिवस होते. पुलीच्या एका अर्ध्या भागावर डीओसी आणि पॉलिशच्या भुकटीचा थर ओल्या हवेत दाबून दाबून असा घट्ट झाला होता की बोटाने खरवडला जाईना. गवंड्याची थापी मागवून तो उकलला, तेव्हा झाडाच्या सालीसारखा तपकिरी, आतून गुळगुळीत तुकडा हाती आला. व्हर्नियरने मोजला तर ११ मिलिमीटर भरला. पट्टा मोठ्या व्यासाकडे चढतो. पुलीला मध्ये किंचित फुगवटा देतात तो याच कारणासाठी, आणि येथे तो फुगवटा भलत्याच जागी आपोआप तयार झाला होता. बोल्ट फिरवून त्याच्याशी झुंजणे चालले होते. शेजारी चौकटीच्या लोखंडी पट्टीला पट्ट्याच्या कडेने घासून घासून चकाकी आली होती आणि खाली काळ्या रबराचा कीस, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतो तसा, पडला होता.

आपल्याकडे काय आहे ते शोधण्यासाठी आधी पट्ट्यावर सांध्यापाशी खडूने खूण करा आणि रिकामा पट्टा दहा-पंधरा फेऱ्या पाहत उभे राहा. पट्ट्याचा ठरावीक तुकडा जेथे जाईल तेथे बाहेर येत असेल, तर दोष पट्ट्यात आहे, बहुधा काटकोनात न जोडलेल्या सांध्यात. याउलट चौकटीच्या ठरावीक जागी पट्ट्याचा प्रत्येक भाग बाहेर येत असेल, तर दोष त्या जागेच्या थोडा आधी, रोलरमध्ये किंवा चौकटीत आहे. रिकामा पट्टा सरळ आणि भरलेला वाकडा चालत असेल, तर माल एका कुशीवर पडतो आहे. हे तीन प्रकार वेगळे न करता केलेली कोणतीही दुरुस्ती म्हणजे अंदाजाने दिलेले औषध. नंतर हेड पुलीपासून टेल पुलीपर्यंत दोरी ताणून, ओळंबा लावून चौकटीचा मध्य तपासा. कॉलमचा पाया खचल्याने किंवा ट्रकने हॉपरच्या कोपऱ्याला धक्का दिल्याने चौकट दोन बोटे हललेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्या धक्क्याची नोंद अर्थातच कोणाच्या वहीत नसते. टेक-अपचे बोल्ट दोन्ही बाजूंना समान ताणण्यापुरतेच आहेत. पट्टा सरळ करायचा तो रोलरने, आणि तोही बिघाडाच्या जागेच्या आधीचे दोन-तीन रोलर अगदी थोडे हलवून.

टेल पुलीवर थर बसतो तो कोठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मालाचा जो अंश वरच्या बाजूला चिकटून हेड पुलीवरून परत येतो, तो परतीच्या रोलरांना लागतो. टेल पुलीला तो लागतच नाही, कारण तिला पट्ट्याची आतली बाजू टेकते. टेल पुलीवर बसणारी भुकटी वरच्या फेरीतून सांडून परतीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पडलेली असते. म्हणून उपायही दोन वेगळे आहेत. चिकटून येणाऱ्या मालासाठी हेड पुलीच्या तोंडाशी पॉलियुरेथेनच्या पात्याचा, वजनाने किंवा स्प्रिंगने दाबून राहणारा स्क्रेपर हवा. सांडलेल्या मालासाठी टेल पुलीच्या आधी आतल्या बाजूवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा नांगर हवा, आणि शक्य असल्यास पत्र्याच्या गुळगुळीत टेल पुलीऐवजी पाखे असलेली पुली बसवावी, म्हणजे माल पाख्यांच्या फटींतून खाली पडून जाईल.

पण सांडतेच का? येथे हॉपरचे गेट सांभाळणाऱ्या आपल्या गेटमनला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. पट्टा घनफळावर चालतो, वजनावर नाही. ५०० मिलिमीटर पट्ट्यावर २० अंशांच्या रोलरमध्ये मालाचा आडवा छेद सुमारे ०.०१४५ चौरस मीटर बसतो, सेकंदाला १.२ मीटर वेगाने ताशी ६२ घनमीटर होतात. मक्याचे घनमीटरला ७२० किलो धरले तर ४५ टन, पण गव्हाचा कोंडा घनमीटरला २०० ते २५० किलोच भरतो, म्हणजे त्याच पट्ट्यावर ताशी जेमतेम १४-१५ टन. ‘मक्याची गाडी अर्ध्या तासात खाली होते, मग कोंड्याला दीड तास का?’ असे सुपरवायझरने ओरडले की गेटमन गेट पूर्ण उघडतो आणि कोंडा दोन्ही कडांवरून वाहू लागतो. तोच पुढे टेल पुलीवर जाऊन बसतो. गेटवर प्रत्येक मालासाठी वेगळी खूण, ऑइल पेंटने सरळ पत्र्यावर काढलेली, याहून स्वस्त दुरुस्ती मला माहीत नाही.

माल पट्ट्याच्या मध्यावर, पट्ट्याच्या दिशेनेच आणि शक्य तितक्या कमी उंचीवरून पडला पाहिजे. स्कर्टमधले अंतर पट्ट्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशापर्यंत ठेवावे आणि स्कर्टचा पत्रा मालाच्या दिशेने पट्ट्यापासून थोडा थोडा उंच होत जावा, म्हणजे अडकलेला दाणा पुढे सुटत जातो. स्कर्टसाठी जुन्या पट्ट्याच्या पट्ट्या कापून लावण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि ती अत्यंत वाईट आहे. जुन्या पट्ट्याच्या कापडी थरांत वाळू, खडा, लायमस्टोनची कणी रुतून बसते आणि ती पट्टी सॅन्डपेपरसारखी नव्या पट्ट्यावर चालत राहते. स्कर्टच्या रेषेत वरच्या रबरावर दोन समांतर चर पडले असतील, तर ते येथूनच आले असे समजा. स्कर्टसाठी धाग्याविना मऊ रबरच वापरावे.

रबर फुगते आहे ते तेलामुळे. सोया डीओसीमधले तेल सॉल्व्हंटने काढलेले असल्याने त्यात तेल एक टक्क्याच्या आसपासच उरते आणि ते साध्या पट्ट्याला फारसे त्रास देत नाही. राईस पॉलिशचे तसे नाही. तेल न काढलेल्या पॉलिशमध्ये १२ ते १८ टक्के चरबी असते, शिवाय साठवणीत त्यातले विकर चरबी तोडून मुक्त स्निग्धाम्ले तयार करत राहते. घाणीवरच्या किंवा एक्स्पेलरच्या सरकी पेंडेतही तेल सात-आठ टक्क्यांपर्यंत राहते. साधे नैसर्गिक किंवा एसबीआर जातीचे कृत्रिम रबर हे तेल शोषून घेते, फुगते, मऊ पडते आणि मग स्क्रेपरच्या पात्याखाली सोलून निघते. यावर जाडीचा उपयोग नाही. रबराची जात बदलावी लागते. भारतीय मानक आयएस १८९१ च्या पहिल्या भागातला पट्टा सर्वसाधारण कामाचा आहे, तिसऱ्या भागातला तेलरोधक. आपल्याला तीन थरी, ईपी ३१५, नायट्राइल रबराचे आवरण असलेला, वर ३ मिलिमीटर आणि खाली १.५ मिलिमीटर आवरणाचा पट्टा पुरेसा आहे. मागणीपत्रात ‘चांगल्या दर्जाचा’ असे शब्द लिहू नका. त्याचा अर्थ विक्रेता लावतो. मानक, थर, आवरणांची जाडी आणि तेलरोधक हा शब्द लिहून, सोबत तपासणी प्रमाणपत्र मागा. त्या प्रमाणपत्रात आणखी एक आकडा पाहावा, त्याकडे आता येतो.

धान्याची धूळ पेटते, इतकेच नव्हे तर हवेत तरंगत असताना तिचा स्फोट होतो. मक्याच्या धुळीला त्यासाठी घनमीटरला ४० ते ६० ग्रॅम पुरतात. ही घनता कशी दिसते? २५ वॉटचा दिवा दोन मीटरवरून दिसेनासा होतो, इतकी दाट. मोकळ्या हॉलमध्ये इतकी धूळ सहसा नसते, पण बकेट एलिव्हेटरच्या (उभ्या पट्ट्यावरच्या डब्यांनी माल वर नेणाऱ्या यंत्राच्या) पेटीत, झाकलेल्या पट्ट्याच्या बोगद्यात आणि बिनच्या, म्हणजे साठवणीच्या कोठीच्या, डोक्यावर ती रोज असते. तेथे ठिणगी किंवा तापलेला धातू मिळाला की पहिला लहान स्फोट होतो, त्याच्या हादऱ्याने तुळयांवर आणि पत्र्यांवर साचलेली धूळ उडते, आणि दुसरा स्फोट इमारत उचलतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या हेझव्हिलजवळच्या एका मोठ्या धान्य कोठारात ८ जून १९९८ रोजी असा स्फोट होऊन ७ माणसे दगावली. तेथील सरकारी तपासात सर्वांत संभाव्य कारण म्हणून जे निघाले ते आपल्या प्रश्नाला थेट लागू आहे: बोगद्यातल्या पट्ट्याच्या एका रोलरचे बेअरिंग वंगणाअभावी जाम झाले, रोलर फिरायचा थांबला, आणि वरून पट्टा घासत राहिल्याने तो तापला. एका रोलरचे बेअरिंग. आपल्या ३० मीटरवर असे रोलर कितीतरी डझन असतील, आणि त्यातला कोणता फिरत नाही हे आज विचारले तर आपल्याकडे कोणी सांगू शकेल का?

म्हणून पट्टा वाकडा चालणे ही माझ्या लेखी केवळ पट्ट्याच्या पैशांची गोष्ट नाही. चौकटीला घासणारी कड, जाम रोलर आणि हेड पुलीवर घसरणारा पट्टा, या तिन्ही जागा उष्णता तयार करतात. पट्ट्याचे रबर विद्युतवाहक जातीचे असावे, म्हणजे घर्षणाने साचणारी स्थिर वीज पुलीतून जमिनीत उतरते; आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २८४ च्या चाचणीत पट्ट्याचा रोध ३०० मेगाओहमच्या वर नसावा असे आहे, आणि प्रमाणपत्रात पाहायचा आकडा तो हाच. चौकटीला अर्थिंग हवेच. पट्ट्याच्या दोन्ही कडांना बेल्ट-स्वे स्विच (पट्टा बाजूला सरकला की कळणारा), टेल पुलीवर झीरो-स्पीड स्विच (पुली फिरायची मंदावली की कळणारा) आणि लांबीभर पुल-कॉर्ड (ओढताच पट्टा थांबवणारी दोरी) बसवावी. हे स्विच नुसते दिवा लावणारे नकोत. त्यांनी मोटर बंद केली पाहिजे, आणि त्याच्या मागचा सगळा प्रवाहही बंद झाला पाहिजे, नाहीतर थांबलेल्या पट्ट्यावर हॉपरचा माल पडत राहतो. बकेट एलिव्हेटरसाठी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत पट्ट्याचा वेग २० टक्के घटला की यंत्र बंद झाले पाहिजे, आणि धोक्याच्या ठरवलेल्या जागी धुळीचा थर ३.२ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, असे आहे. ते नियम आपल्याला लागू नाहीत, पण आकडा म्हणून ते उपयोगी आहेत: तीन मिलिमीटर म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकमेकांवर ठेवल्याएवढी जाडी. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीबाबतची जबाबदारी मालकावर टाकलेली होती; आता त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. धूळ झाडताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्याने थर ढगात बदलतो. झाडू आणि व्हॅक्यूम वापरा. झाडण्याआधी यंत्र बंद करून स्विचला कुलूप लावा आणि किल्ली झाडणाऱ्याच्या खिशात राहू द्या. टेल पुलीजवळ चालत्या पट्ट्याखाली हात घालून माल ओढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि त्यात हात गेलेली माणसे मला ठाऊक आहेत.

पट्टा घसरत असेल तर तो आणखी ताणू नये. उघड्या लोखंडी पुलीवर अर्धा वेढा असताना परतीच्या बाजूला ओढीच्या ८४ टक्के ताण ठेवावा लागतो. पुलीवर रबराचे लॅगिंग, म्हणजे पकड वाढवणारे आवरण, चढवले तर तेच काम ५० टक्क्यांवर होते, आणि स्नब पुली (पट्ट्याला हेड पुलीभोवती जास्त वळवणारे लहान चाक) बसवून वेढा २१० अंश केला तर ४० टक्क्यांच्याही खाली येते. जून ते सप्टेंबर हवा ओली असते, उघडी पुली गुळगुळीत होते, फिटर पट्टा ताणतो, ऑक्टोबरात तो ताण तसाच राहतो आणि दिवाळीत बेअरिंग जाते. हे चक्र ओळखीचे वाटत असेल. हेड पुलीला चौकटीदार नक्षीचे लॅगिंग पुण्यात सहज करून मिळते.

आपण विचारले नाही, पण एकाच पट्ट्यावर दोन प्रकारचे खाद्य चालते म्हणून सांगतो. कोंबडीखाद्यात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावर मोनेन्सिन वापरतात, साधारण टनाला १०० ते १२० ग्रॅम. हेच औषध घोड्याला अगदी थोड्या मात्रेत जीवघेणे ठरते, आणि पुण्याच्या आसपास घोड्यांचे स्टड फार्म आहेत, तेव्हा उद्या त्यांचे काम घ्यायचा विचार असेल तर आधी दहा वेळा विचार करावा. मांस-हाडांची भुकटी कोंबडीखाद्यासाठी येत असेल तर ती दुभत्या जनावरांच्या मालाच्या वाटेवर येताच कामा नये. पट्टा या बाबतीत स्क्रूपेक्षा, म्हणजे मळसूत्राने माल ढकलणाऱ्या यंत्रापेक्षा, बरा, कारण तो जवळजवळ पूर्ण रिकामा होतो. पण स्कर्टच्या कोपऱ्यात, स्क्रेपरच्या मागे आणि टेल पुलीच्या पेटीत किलो-दोन किलो माल राहतोच. तोच माल पावसाळ्यात बुरशी धरतो. पेंडेतले अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचे विष गाईच्या शरीरातून एम-१ होऊन दुधात उतरते, आणि दुधासाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. खाद्याचा नमुना बिनमध्ये पास झाला आणि संघाने दूध नाकारले, अशा वेळी मी आधी टेल पुलीची पेटी उघडायला सांगतो. अशा पेटीला खाली सहज उघडणारे दार असावे, चार बोल्टचे झाकण नव्हे. चार बोल्टचे झाकण कोणी उघडत नाही.

दळलेला माल आणि मिक्सरनंतरचा भरडा यांसाठी मी उघडा पट्टा सुचवत नाही, तेथे पेटीबंद ड्रॅग चेन (पेटीतून माल ओढत नेणारी साखळी) बरी. पेलेटला, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांना, मात्र पट्टा चांगला, कारण स्क्रूमध्ये गोळ्या तुटून भुकटी वाढते. फक्त पट्टा कूलरच्या नंतर असावा. पेलेट मिलमधून गोळी ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला निघते आणि पीव्हीसीचा पट्टा त्या तापमानाला ढिला पडतो. पोत्यांच्या लोडिंगसाठी खडबडीत पृष्ठाचा पट्टा घ्या. विणलेली प्लास्टिकची पोती गोणपाटापेक्षा बरीच लवकर घसरतात.

सांधा. तीन थरी पट्ट्याला लोखंडी क्लिपा ठोकणे एका तासाचे काम आहे, म्हणून सगळे तेच करतात. क्लिपांच्या फटीतून बारीक माल गळतो, त्या स्क्रेपरच्या पात्याला प्रत्येक फेरीत ठोकर देतात, आणि एखादी तुटून मालात गेली तर हॅमर मिलच्या (दळण्याच्या यंत्राच्या) आधीचे चुंबक ती पकडेल अशी आशा करावी लागते. क्लिप तात्पुरती समजा, रविवारपर्यंतची. कायमचा सांधा गरम व्हल्कनायझिंगचाच करा: थर पायऱ्यांसारखे कापून, पट्टा मध्यरेषेला काटकोनात मोजून, साधारण १४५ ते १५० अंशांवर दाबाखाली, आणि प्रेस उघडण्याआधी सांधा ६० अंशांपर्यंत थंड होऊ देऊन. ही शेवटची पायरी घाईत चुकते, कारण तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि प्रेस आणणाऱ्या माणसाला हडपसरला परत जायचे असते. सांधा करताना स्वतः उभे राहा आणि मध्यरेषा आपल्या गुण्याने मोजा. नायट्राइल पट्ट्याला सांध्याचे रबर आणि सोल्यूशनही नायट्राइलचेच लागते. साधे वापरले तर सहा महिन्यांत सांध्याचीच पट्टी फुगून उठते, आणि दोष पुन्हा पट्ट्यावर येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: या आठवड्यात टेल पुली उघडून खरवडा, न फिरणारे रोलर बदला, चौकट दोरीने तपासा, स्कर्ट बदला, लॅगिंग आणि नांगर बसवा, आणि हे सगळे जुन्या पट्ट्यावर करा. तो सरळ चालू लागला की मगच नवा मागवा. नवा गुंडाळा आला की शेडमध्ये सिमेंटवर आडवा टाकू नका, कारण महिनाभर आडव्या पडलेल्या पट्ट्याची खालची कड ताणली जाते आणि तो केळीच्या आकाराचा निघतो, मग वर सांगितलेले काहीही करून सरळ चालत नाही. मधल्या गाभ्यातून पाइप घालून दोन स्टँडांवर टांगा, वर ताडपत्री टाका, आणि उंदरांसाठी भोवती पिंजरे लावून ठेवा, कारण पेंडेचा वास लागलेल्या रबराची कड ते कुरतडतात.